एक बाप्तिस्मा, दोन वेदी : कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील मतभेदांचे मूळ

गोव्यात ‘ख्रिस्ती’ हा शब्द उच्चारताच इगर्ज, मिस्सा, सायबिणीचे फेस्त आणि आर्चबिशप यांचे चित्र मनात उभे राहते. येथील वाचकाच्या दृष्टीने ख्रिस्ती म्हणजे कॅथलिक, हे समीकरण शतकानुशतके रूढ आहे. घाट ओलांडून कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला, बिदर जिल्ह्यातील औराद–कमलनगरच्या मराठीभाषक पट्ट्यात गेले म्हणजे हे समीकरण मोडते. ठाणाकुशनूर हे याच पट्ट्यातील गाव. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या चार भाषा ज्या मुलखात शेजारी नांदतात, त्या बिदर–कलबुर्गी भागात ‘ख्रिस्ती’ म्हटले की प्रथम आठवते ती मेथोडिस्ट मंडळी, म्हणजेच प्रोटेस्टंट पंथाची एक शाखा. कॅथलिक तेथेही आहेत. मात्र त्यांची स्वतंत्र धर्मप्रांतीय घडी अलीकडची आहे.

दोन्हीकडे येशू ख्रिस्ताचीच उपासना होते. दोन्हीकडे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा दिला जातो. तरीही एका पंथाचा सभासद दुसऱ्याच्या वेदीपाशी सहजपणे प्रसाद घेऊ शकत नाही, आणि या दोन पंथांतील वधूवरांचा विवाह ठरला म्हणजे परवानग्या व वचने यांचा प्रश्न उभा राहतो. हा दुरावा कोठून आला, तो कोणत्या मुद्द्यांवर टिकून आहे आणि कोणत्या मुद्द्यांवर ओसरला आहे, याचा हा परिचय.

मूळ प्रश्न : अंतिम शब्द कोणाचा?

१५१७ मध्ये जर्मनीतील विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथर या ऑगस्टिनियन संन्यासी प्राध्यापकाने पापदंडाच्या माफीपत्रांविषयी ९५ विधाने मांडली. वादाचा आरंभ माफीपत्रांपासून झाला, तरी थोड्याच काळात तो अधिकाराच्या प्रश्नावर येऊन ठेपला. पोप आणि धर्मपरिषदा यांच्याकडूनही चूक होऊ शकते. श्रद्धेच्या बाबतीत अखेरचे प्रमाण पवित्र शास्त्र हेच होय, अशी ल्यूथरची भूमिका होती. १५२१ मध्ये त्याला बहिष्कृत करण्यात आले. त्यानंतर झ्विंग्ली, कॅल्व्हिन आणि इंग्लंडचे राष्ट्रीय चर्च अशा निरनिराळ्या दिशांनी ही चळवळ पसरली.

रोमने आपले उत्तर ट्रेंट येथील धर्मपरिषदेत दिले. १५४५ ते १५६३ या काळात टप्प्याटप्प्याने चाललेल्या या परिषदेने असे ठरविले की, ईश्वरी प्रकटीकरण पवित्र शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा या दोन्हींतून पोहोचते, आणि त्याचा खरा अर्थ सांगण्याचा अधिकार चर्चचा आहे. पुढील सर्व मतभेद या एका खोडाच्या फांद्या आहेत. संस्कार किती, मरियेचे स्थान कोणते, पाळकाने विवाह करावा की नाही, या प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी ‘हे ठरविणार कोण?’ हाच प्रश्न असतो.

सिद्धान्तातील प्रमुख मतभेद

*ग्रंथांची संख्या.* कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. नव्या करारातील २७ ग्रंथ दोघांनाही मान्य आहेत. फरक जुन्या करारात आहे. तोबीत, यहुदीथ, मक्काबींचे दोन ग्रंथ इत्यादी लेखन कॅथलिक प्रमाण मानतात, तर प्रोटेस्टंट हिब्रू संहितेतील ग्रंथांपुरतेच जुन्या करारास मर्यादित ठेवतात. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा दाखला मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात येतो. त्यामुळे ग्रंथांची यादी हा केवळ गणनेचा विषय उरत नाही.

*तारण.* मनुष्य ईश्वरासमोर नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने, असे ल्यूथरचे प्रतिपादन होते. ट्रेंट परिषदेने कृपेचे प्राथम्य मान्य केले, परंतु त्या कृपेला मनुष्य प्रतिसाद देतो आणि सत्कर्मांनी त्या जीवनात वाढतो, यावर भर दिला. हा सोळाव्या शतकातील सर्वांत कडवा वाद होता.

*संस्कार.* कॅथलिक परंपरेत सात संस्कार आहेत : स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. मेथोडिस्टांसह बहुतेक प्रोटेस्टंट पंथ ख्रिस्ताने स्वतः घालून दिलेले असे दोनच संस्कार मानतात : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. उरलेल्या पाचांचा आदर राखला, तरी त्यांना ते या कोटीत धरत नाहीत.

*भाकर आणि द्राक्षारस.* मिस्सेत धर्मगुरूने अभिमंत्रित केल्यावर भाकर व द्राक्षारस यांचे बाह्य रूप तेच राहते, परंतु त्यांचे सत्त्व ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. प्रोटेस्टंटांमध्ये यावर एकमत नाही. ल्यूथर ख्रिस्ताची प्रत्यक्ष उपस्थिती मानत असे. झ्विंग्लीच्या मते ते मुख्यतः स्मरण होते. मेथोडिस्टांची श्रद्धाकलमे सत्त्वबदलाचा सिद्धान्त नाकारतात आणि ख्रिस्ताचे सेवन विश्वासाने, आध्यात्मिक रीतीने होते, असे सांगतात.

*मरिया, संत आणि मृतात्मे.* १८५४ मध्ये मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा आणि १९५० मध्ये तिच्या सदेह स्वर्गारोहणाचा सिद्धान्त पोपने घोषित केला. प्रोटेस्टंट येशूची माता म्हणून मरियेचा सन्मान करतात. शास्त्रात स्पष्ट आधार नसल्याचे सांगून हे दोन्ही सिद्धान्त ते स्वीकारत नाहीत. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेण्यासाठी लोटणारा समुदाय आणि २ नोव्हेंबर रोजी दफनभूमीत मृतात्म्यांसाठी होणाऱ्या प्रार्थना गोमंतकीयांना परिचित आहेत. आराधना केवळ ईश्वराची. संतांना वंदन आणि मध्यस्थीची विनंती, असा भेद कॅथलिक धर्मशास्त्र करते. मेथोडिस्ट कलमे मात्र शुद्धिस्थान, अवशेषांची पूजा आणि संतांचा धावा या गोष्टी शास्त्राधाराविना आलेल्या मानतात.

*धर्मसेवक.* लॅटिन परंपरेतील कॅथलिक धर्मगुरू ब्रह्मचारी असतो आणि गुरुदीक्षा केवळ पुरुषांना मिळते. मेथोडिस्ट पाळक विवाह करू शकतो. अमेरिकेतील मेथोडिस्ट चर्चने १९५६ मध्ये स्त्रियांना पूर्ण पाळकीय अधिकार दिले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘प्रोटेस्टंट’ हे एकाच चर्चचे नाव नाही. बालकांना बाप्तिस्मा द्यावा, या मुद्द्यावर मेथोडिस्ट व कॅथलिक एका बाजूला आहेत आणि बाप्टिस्ट दुसऱ्या बाजूला. तसेच ‘केवळ शास्त्र’ या सूत्राचा अर्थही सर्वत्र सारखा नाही. मेथोडिस्ट विचारात शास्त्र मुख्य प्रमाण असले, तरी ते समजून घेताना परंपरा, बुद्धी आणि अनुभव यांनाही स्थान दिले जाते.

पोप आणि कॉन्फरन्स : अधिकाराच्या दोन रचना

कॅथलिक मतानुसार ख्रिस्ताने प्रेषित पीटरला दिलेला अधिकार रोमच्या बिशपाकडे, म्हणजे पोपकडे, वारसाने येतो. १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकत्वाचा सिद्धान्त जाहीर केला. त्याचा अर्थ पोप कधीच चुकत नाही, असा नाही. श्रद्धा व नीती यांविषयी, सर्व चर्चला बंधनकारक म्हणून, आपल्या सर्वोच्च पदावरून केलेल्या घोषणेपुरताच तो मर्यादित आहे. बिशपांची नियुक्ती पोप करतो. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांची त्या पदावरील नेमणूक आणि २०२२ मधील कार्डिनलपद, दोन्ही रोमहून आले. २००५ मध्ये गुलबर्गा धर्मप्रांत स्थापन झाला व बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले, तेव्हा पहिले बिशप रॉबर्ट मायकेल मिरांडा यांची निवडही रोमनेच केली.

मेथोडिस्ट चळवळीचा उगम वेगळा. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा इंग्लंडच्या चर्चचा दीक्षित धर्मगुरू होता आणि अखेरपर्यंत त्याने ते चर्च सोडले नाही. त्याच्या अनुयायांचे पुढे स्वतंत्र चर्च झाले. अमेरिकेतील मेथोडिस्टांसाठी त्याने इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांतून निवड केली. अमेरिकनांनी त्यात एकाची भर घातली आणि २५ श्रद्धाकलमांचा संच सिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकन मेथोडिस्ट मिशनरी निजामाच्या राज्यातील या भागात आले, तेव्हा हीच श्रद्धाकलमे त्यांच्याबरोबर आली. शाळा आणि रुग्णालय यांच्या द्वारे बिदर हे त्यांच्या कार्याचे मोठे केंद्र झाले.

मेथोडिस्टांमध्येही बिशप असतो. त्याची नेमणूक मात्र वरून होत नाही. पाळक आणि सामान्य सभासद या दोघांचे प्रतिनिधी असलेली जनरल कॉन्फरन्स मतदानाने त्याची निवड करते. पाळकांच्या नेमणुका व बदल्या बिशप प्रादेशिक कॉन्फरन्समध्ये जाहीर करतो. म्हणजे आज्ञा देणारा अधिकारी दोन्हीकडे आहे. त्याला तो अधिकार कोणाकडून मिळतो, येथे वाट फुटते.

प्रोटेस्टंटांमध्येही अधिकाराचा प्रश्न सुटलेला नाही. १९४७ मध्ये दक्षिण भारतातील अँग्लिकन, ब्रिटिश परंपरेतील मेथोडिस्ट आणि इतर काही पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. १९७० मध्ये उत्तर भारतात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. अमेरिकन परंपरेतील मेथोडिस्ट दोन्हींपासून बाहेर राहिले आणि १९८१ मध्ये त्यांनी स्वायत्त ‘मेथोडिस्ट चर्च इन इंडिया’ची घोषणा केली. बिदर परिसरातील मेथोडिस्ट मंडळ्या आजही याच चर्चच्या आहेत.

गोव्याचा अनुभव

या युरोपीय वादाची सर्वांत मौल्यवान मराठी निष्पत्ती गोव्यात घडली. १५७० मध्ये पोपने इंग्लंडची राणी एलिझाबेथ पहिली हिला बहिष्कृत केले आणि त्या देशात कॅथलिकांचे जीवन अधिकच कठीण झाले. थॉमस स्टीफन्स हा तरुण इंग्लंड सोडून रोमला गेला, १५७५ मध्ये येशू संघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला. सासष्टीत त्याने आयुष्य वेचले. सुमारे ११ हजार ओव्यांचे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. प्रोटेस्टंट राजसत्तेमुळे मायदेशात स्थान न उरलेल्या एका कॅथलिकाने मराठीत पुराण रचले, ही मराठी वाङ्मयातील विलक्षण घटना आहे.

याच स्टीफन्सने १५८३ मध्ये वेगळी उदारता दाखविली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज व्यापाऱ्यांना होर्मुझ येथे पकडून गोव्यात बंदिवान करण्यात आले होते. ते प्रोटेस्टंट इंग्लंडमधून आलेले होते आणि त्यांच्यावर हेरगिरीचा संशय होता. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत हा येशू संघीय देशबांधव होता.

त्याच शहरात १५६० पासून धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, कार्यरत होते. मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. त्याच्या कारवाईचा मोठा भार नवख्रिस्ती आणि स्थानिक समाजावर पडला. पाखंडाच्या आरोपाखाली परदेशी ख्रिस्तीही त्यात सापडले. शार्ल देलों या फ्रेंच वैद्याने आपल्या बंदिवासाचा वृत्तान्त १६८७ मध्ये प्रसिद्ध केला. १८०८ मध्ये क्लॉडियस ब्यूकॅनन हा अँग्लिकन धर्मोपदेशक गोव्यात आला. १८११ मधील त्याच्या पुस्तकाने या न्यायालयाकडे इंग्रजी वाचकांचे लक्ष वेधले. प्रोटेस्टंट लेखनात ‘गोवा’ हे पुढे दीर्घकाळ चर्चच्या दंडसत्तेचे उदाहरण म्हणून वापरले गेले. या लेखनात तथ्याबरोबर पंथीय आवेशही होता, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

अधिकाराचा वाद कॅथलिकांच्या अंतर्गतही तितकाच तीव्र होता. पूर्वेकडील धर्मप्रांतांत बिशप नेमण्यासाठी नावे सुचविण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. ही पाद्रोआदो पद्धती. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी प्रोपागांदा हे स्वतंत्र मंडळ स्थापन केले आणि दोन्ही यंत्रणांत संघर्ष सुरू झाला. १८३८ मध्ये पोपने ब्रिटिश हिंदुस्थानातील पाद्रोआदोचे अधिकार संकुचित केले, तेव्हा गोव्याशी निष्ठा राखणाऱ्या अनेक धर्मगुरूंनी तो आदेश मानला नाही. १८८६ च्या करारानंतरही मुंबईत दुहेरी अधिकारक्षेत्र राहिले. ते १९२८ मध्ये संपुष्टात आले. रोमची सत्ता सिद्धान्ततः मान्य करणाऱ्या कॅथलिकांनाही ‘आपला बिशप कोण?’ हा प्रश्न शतकभर भेडसावत होता.

मराठी ग्रंथालयातील दोन कपाटे

सिद्धान्तातील फरक मराठी ग्रंथांच्या स्वरूपातही उमटला. स्टीफन्सच्या काळात लोकभाषेतील बायबल वाचण्यावर रोमने निर्बंध घातले होते. त्यासाठी धर्माधिकाऱ्यांची अनुमती लागे. त्याने बायबलचे सरळ भाषांतर केले नाही. बायबलमधील कथा ओवीबद्ध पुराणात गुंफून, चर्चच्या शिकवणुकीच्या चौकटीत त्या भाविकांपुढे ठेवल्या. १६२९ मध्ये एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच येशू संघीयाने प्रेषित पीटरवर, म्हणजे ज्याच्या वारशावर पोपपदाचा दावा उभा आहे त्या व्यक्तीवर, मराठी पुराण रचले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि ही परंपरा क्षीण झाली.

प्रोटेस्टंटांनी नेमकी उलट वाट धरली. प्रत्येक भाविकाच्या हाती त्याच्या भाषेतील शास्त्र असावे, हा त्यांचा मूलाधार होता. विल्यम कॅरी या बाप्टिस्ट मिशनऱ्याच्या देखरेखीखाली बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला गेला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नव्या कराराचे स्वतःचे भाषांतर प्रसिद्ध केले. मेथोडिस्टांच्या २५ कलमांपैकी एक तर केवळ याच विषयावर आहे : लोकांना न समजणाऱ्या भाषेत सार्वजनिक उपासना करू नये. कॅथलिक मिस्सेत लोकभाषेला व्यापक प्रवेश मिळाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–१९६५).

या दोन प्रवाहांमुळे मराठीत ख्रिस्ती परिभाषाही दुहेरी झाली. कॅथलिकांकडे मिस्सा, धर्मगुरू, महागुरुस्वामी, धर्मग्राम, स्नानसंस्कार हे शब्द रुळले. प्रोटेस्टंटांकडे उपासना, पाळक, मंडळी, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. मराठी ख्रिस्ती व्यक्ती कोणत्या पंथाची, हे तिच्या बोलण्यातील दोन-चार शब्दांवरून कळू शकते. ही दरी सांधणारे कामही झाले आहे. वसईचे कॅथलिक धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

रमाबाई आणि टिळक : तिसरी भूमिका

परदेशातून आलेला हा वाद मराठी माणसांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. तेथील भगिनीसंघ कॅथलिक वळणाच्या अँग्लिकन परंपरेतला होता. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून सुटून दुसऱ्याच्या आज्ञेत जाण्यास त्यांनी दिलेला नकार त्यात स्पष्ट दिसतो. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी शंका मांडल्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, हा बिशपांचा सल्ला त्यांना पटला नाही. गळ्यातील क्रूसावरील लॅटिन अक्षरांनाही त्यांनी हरकत घेतली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर सिद्ध केले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रकाशित झाला. शास्त्र स्वतः वाचण्याच्या प्रोटेस्टंट तत्त्वाचे याहून ठळक मराठी उदाहरण आढळत नाही.

बिदरलगतच्या मुलखाशीही त्यांचा संबंध आहे. १९१२ मध्ये त्यांनी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे शाळा सुरू केली आणि कन्या मनोरमाबाई तिच्या मुख्याध्यापिका झाल्या.

कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये अमेरिकन मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनच्या चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ ही संकल्पना मांडली. पोपची सत्ता नाकारणाऱ्या मिशनची सत्ताही भारतीय भाविकाला जाचू शकते, हे त्यातून दिसून आले.

जवळीक कोठे झाली?

विसाव्या शतकात दोन्ही बाजूंनी पावले उचलली गेली. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयी आदेशपत्र स्वीकारले आणि प्रोटेस्टंटांना ‘विभक्त बंधू’ या नात्याने संबोधले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी तारणविषयक संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. मनुष्याचा ईश्वराकडून होणारा स्वीकार हा कृपेनेच होतो, स्वतःच्या पुण्याईने नाही, आणि सत्कर्मे ही त्या कृपेची फळे होत, या गाभ्यावर सहमती झाली. २००६ मध्ये सोल येथे जागतिक मेथोडिस्ट परिषदेने या घोषणेस आपली मान्यता दिली. सोळाव्या शतकात ज्या मुद्द्यावर युरोप दुभंगला, त्या मुद्द्याच्या गाभ्यापुरता तरी कॅथलिक–मेथोडिस्ट वाद अशा रीतीने शमला.

बाप्तिस्म्याविषयीही मूलतः मतभेद उरलेला नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला मेथोडिस्ट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरते. तो पुन्हा दिला जात नाही.

अधिकाराच्या प्रश्नावर मात्र गाठ सुटलेली नाही. पोपचे सर्वोच्चत्व, अचूकत्व, मरियेविषयीचे दोन सिद्धान्त, स्त्रियांची गुरुदीक्षा आणि प्रोटेस्टंट पाळकांच्या दीक्षेची ग्राह्यता हे प्रश्न कायम आहेत. पाळकाची दीक्षाच पूर्णार्थाने मान्य नसल्यामुळे कॅथलिक व्यक्तीने प्रोटेस्टंट प्रभुभोजनात सहभागी होऊ नये, असा नियम आहे. प्रोटेस्टंट व्यक्तीला मिस्सेत ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा मृत्यूचे संकट किंवा तत्सम गंभीर प्रसंगी, ठरावीक अटींवरच आहे. मेथोडिस्टांचे मेज पश्चात्तापपूर्वक येणाऱ्या इतर पंथीयांसाठी सामान्यतः खुले असते. एका बाजूस हा खुलेपणा आतिथ्य वाटतो. दुसऱ्या बाजूस, पूर्ण ऐक्य झालेले नसताना ते झाल्याचे दाखविणे अप्रामाणिक वाटते.

विवाहात उतरणारा सिद्धान्त

ज्या कुटुंबांना ट्रेंट किंवा ऑग्सबर्ग यांच्याशी काही कर्तव्य नाही, त्यांच्या दारी हा वाद विवाहाच्या रूपाने येतो. बिदर भागातील मेथोडिस्ट वर आणि गोव्यातील कॅथलिक वधू असा विवाह ठरल्यास १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार वधूला आपल्या धर्माधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी लागते. आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन ती देते. वराकडून वचन घेतले जात नाही. वधूच्या वचनाची त्याला कल्पना दिली जाते. विधी मेथोडिस्ट चर्चमध्ये व्हायचा असेल, तर बिशपाची वेगळी सूट लागते. दोघेही बाप्तिस्मा घेतलेले असल्याने असा विधिवत झालेला विवाह संस्कार म्हणूनच गणला जातो.

येथे राज्याचा कायदाही निराळा आहे. कर्नाटकात ख्रिस्ती विवाहांना १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो आणि त्यापुढे दोन्ही पंथ समान आहेत. अधिकृत पाळकाने किंवा धर्मगुरूने लावलेला विवाह कायदेशीर ठरतो. गोव्यात हा कायदा लागू नाही. पोर्तुगीज काळातील नागरी नोंदणीची पद्धत येथे चालू आहे. १९४६ च्या फर्मानानुसार, नागरी निबंधकाकडील प्राथमिक कार्यवाहीनंतर कॅथलिक चर्चमध्ये लागलेल्या विवाहाला नोंदणीद्वारे नागरी परिणाम लाभतात. हा विशेष मार्ग कॅथलिक विवाहांपुरता आहे. मेथोडिस्ट चर्चमधील विधीला गोव्यात असे स्थान नसल्याने तेथे निबंधकासमोरील नागरी विवाह पूर्ण करणे अत्यावश्यक ठरते. केवळ चर्चमधील विधीवर विसंबल्यास पुढे वारसा आणि मालमत्ता यांच्या प्रश्नांत पती-पत्नी दोघेही अडचणीत येऊ शकतात. गोव्यात विवाह होताच, करार केलेला नसल्यास, सामाईक मालमत्तेची व्यवस्था लागू होते, ही बाबही परप्रांतीय कुटुंबाने आधी समजून घ्यावी अशीच आहे.

आणखी एक बाब दोन्ही पंथांना समान आहे. सीमाभागात ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यांत दलित समाजातील कुटुंबांची संख्या मोठी होती. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपती आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती वगळलेले राहिले. कायदा हे ठरविताना कॅथलिक कोण आणि मेथोडिस्ट कोण, असे विचारत नाही. सभासद बहुतांशी शेतमजूर असलेल्या मंडळ्यांच्या दृष्टीने शुद्धिस्थानाच्या वादापेक्षा हा प्रश्न कितीतरी निकडीचा आहे आणि त्यावर दोन्ही चर्चची मागणी एकच आहे.

पाचशे वर्षांपूर्वी सुरू झालेल्या वादाची आजची स्थिती अशी आहे. तारणाच्या सिद्धान्तावर मूलभूत सहमती झाली, बाप्तिस्मा परस्परांना ग्राह्य झाला, शास्त्र दोन्हीकडे लोकभाषेत वाचले जाऊ लागले. उरला तो निर्णयाच्या अधिकाराचा प्रश्न. ठाणाकुशनूरच्या परिसरातून गोव्यात आलेल्या मेथोडिस्ट कुटुंबाला इगर्जीत प्रार्थनेसाठी बसण्यास कोणतीही आडकाठी नाही. ख्रिस्तप्रसादाची रांग लागते, तेव्हा मात्र ते आपल्या जागी बसून राहते.